सिस्टर इग्नेशियस आणि अल्फाची पोरं

मी जयपूरला राहतो. लग्नसराई आली की इथले रस्ते बँडवाल्यांनी भरून जातात. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, हातात ट्रम्पेट नाहीतर क्लॅरिनेट. हा सगळा थाट मूळचा फौजेचा. पलटणींचे बँड जिथे जिथे गेले, तिथल्या लोकांनी ती वाद्यं उचलली आणि आपल्या पद्धतीने वाजवली. आजची गोष्ट अशाच एका बँडची आहे, पण ती घडली दूर जमैका बेटावर. आणि तिच्यात मुख्य माणूस कोणी सुभेदार नाही, तर एक कॅथलिक नन आहे : सिस्टर मेरी इग्नेशियस डेव्हिस.

आधी जागा समजून घेऊ. किंग्स्टन शहरात १८८० साली जेसी रिपोल नावाच्या बाईंनी एका अनाथ मुलीला घेऊन आश्रम सुरू केला. पुढे 'सिस्टर्स ऑफ मर्सी' या संघाच्या नन्स तिथे आल्या आणि मुलांसाठी अल्फा बॉईज स्कूल उभं राहिलं. अनाथ, गरीब, कोर्टाने पाठवलेली वांड पोरं, सगळी तिथे येत. सुतारकाम, शिवणकाम, छपाई असा एखादा धंदा प्रत्येकाला शिकवत. बँड हाही त्यातलाच एक धंदा. बँड शिकलेल्या मुलाला लष्करी बँडमध्ये नोकरी मिळे, पोटाची सोय होई. बँडचा हेतू एवढाच होता.

सिस्टर इग्नेशियस यांचा जन्म १९२१चा. १९३९ मध्ये त्या अल्फात आल्या आणि २००३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ६४ वर्षं, तिथेच राहिल्या. नोटेशन वाचणं, फुंकर, बोटं हे शिकवायला बँडमास्तर असत. लेनी हिबर्ट हे त्यांतले एक. ते स्वतः अल्फाचे विद्यार्थी. लष्करी बँडमध्ये वाजवून परत शिकवायला आले. मग सिस्टर काय करत? त्या मुलांवर नजर ठेवत, कोणाला कोणतं वाद्य जमेल ते हेरत, आणि ऐकवत. त्यांच्याकडे रेकॉर्ड्सचा मोठा साठा होता. जॅझ, क्लासिकल, क्यूबाकडचं संगीत, जे मिळेल ते आणून त्या मुलांपुढे लावत.

फौजेत वर्षानुवर्षं मी बँडच्या तालावर चाललो. तालाने माणूस रांगेत येतो, हे मला ठाऊक होतं. पण सिस्टरांनी त्यापुढचं काम केलं. रांगेत वाजवायला शिकलेल्या पोराला स्वतःचं काहीतरी वाजवावंसं वाटेल, एवढं त्यांनी त्याच्या कानावर घातलं.

त्याचा परिणाम पाहा. अल्फाची पोरं कागदावरचं नोटेशन झरझर वाचत, म्हणून हॉटेलांचे बँड आणि रेकॉर्डिंग स्टुडिओ त्यांना लगेच घेत. जमैका १९६२ मध्ये स्वतंत्र झाला, त्या सुमारास तिथे 'स्का' नावाचं नवं संगीत जोरात होतं. मार्चमध्ये जोर ठोक्यावर, पाय पडतो तिथे असतो. स्कामध्ये तो दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत येतो. लेफ्ट आणि राईटच्या मध्ये टाळी वाजवून पाहा, म्हणजे कळेल. या संगीताचा सर्वांत गाजलेला वाद्यवृंद 'स्काटलाईट्स' १९६४ मध्ये निघाला. त्यातले टॉमी मकूक, डॉन ड्रमंड, जॉनी मूर आणि लेस्टर स्टर्लिंग हे चौघे अल्फाचे. पुढे स्कामधूनच रेगे आलं. बॉब मार्लीच्या सुरुवातीच्या गाण्यांना साथ याच मंडळींची.

अल्फाचाच जो हॅरियट इंग्लंडला गेला. तिथे कलकत्त्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर त्याला भेटले. १९६०च्या दशकात दोघांनी मिळून सॅक्सोफोन आणि सतार एकत्र आणली. म्हणजे अल्फाचा सूर आपल्या रागांपर्यंतही पोहोचला.

पण ही गोष्ट नुसती गोड नाही. ट्रॉम्बोनवाला डॉन ड्रमंड सगळ्यांत गुणी मानला जाई. त्याला मनाचा आजार होता. १९६५ मध्ये त्याच्या हातून त्याच्या जोडीदारणीचा खून झाला आणि १९६९ मध्ये तो मनोरुग्णालयात वारला. संगीत प्रत्येकाला तारतंच असं नाही. ही गोष्ट सिस्टरांच्या डोळ्यांदेखत घडली, तरी त्यानंतरही तीस-पस्तीस वर्षं त्या नवी पोरं घेत राहिल्या. मला त्यांचं मोठेपण इथे दिसतं.

२०१४ मध्ये अल्फाचं वसतिगृह बंद झालं, पण संगीताचं शिक्षण चालू आहे.

मित्रहो, तुमच्या गावातही एखादं बालगृह असेल. घरात पेटी, तबला, बासरी धूळ खात पडली असेल तर तिथे जरूर द्या. मात्र त्यासोबत शिकवणाऱ्याचीही सोय करा. वाद्य एका दिवसात देता येतं. पोराजवळ बसायला मात्र रोज कोणीतरी लागतं. सिस्टर इग्नेशियस ६४ वर्षं तशा बसल्या.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.