तुमच्या संघात माझं काय?

शिक्षक संघटनांची जुनी पावतीपुस्तके जमवण्याचा नाद मला गेली काही वर्षे लागला आहे. अधिवेशनांचे अहवाल आणि ठराव कोणीतरी जपून ठेवतो. पावतीपुस्तके रद्दीत जातात. पण संघटनेत कोण होते आणि कोण नव्हते, हे सांगतात त्या वर्गणीच्या पावत्यांच्या स्थळप्रतीच. माझ्याकडच्या पुस्तकांत नावापुढचा हुद्दा वाचत गेलो की सहशिक्षक, सहशिक्षक, मुख्याध्यापक, पुन्हा सहशिक्षक असा क्रम लागतो. मध्येच एखादा लिपिक. शिपाई मात्र शोधावा लागतो.

हे का, असे मी एका अनुदानित माध्यमिक शाळेतल्या शिपायांना विचारले. त्यांच्या नोकरीची शेवटची दोन वर्षे उरली होती. ते म्हणाले, "सर, संघ शिक्षकांचा. त्यात माझं काय?"

या प्रश्नाला 'एकजुटीचे बळ' वगैरे उत्तर देऊन भागत नाही, कारण प्रश्न रास्त आहे. शिक्षक आणि शिक्षकेतर यांच्यातली फट कायद्यातही आहे. राज्यघटनेच्या 171 व्या अनुच्छेदानुसार विधान परिषदेत शिक्षकांचे प्रतिनिधी असतात. महाराष्ट्रात 78 पैकी अशा 7 जागा आहेत. मत देता येते ते माध्यमिक किंवा त्यावरच्या स्तरावर किमान तीन वर्षे शिकवणाऱ्याला. त्याच शाळेतल्या लिपिकाला, ग्रंथपालाला, शिपायाला ते नाही. प्राथमिक शिक्षकालाही नाही. निवडणूक जवळ आली की नेते शिक्षक-कक्षात येतात आणि कार्यालयाच्या दारावरून पुढे जातात, ते उगीच नव्हे.

न्यायालयातही दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये निर्णय दिला की, शाळा हा 'उद्योग' असला तरी शिक्षक औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नव्हे. लिपिकाचे किंवा शिपायाचे काम मात्र त्या व्याख्येत बसू शकत होते. एकाच छपराखाली काम करणाऱ्यांपैकी एकाला 'गुरू' म्हणून वर बसवले आणि दुसऱ्याला 'कामगार' म्हणून बाजूला ठेवले, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

तिसरी फट रोजची आहे. वर्गणी मागायला येणारे गुरुजी तेच, ज्यांनी सकाळी चहा आणायला पाठवलेले असते.

मग जोडणारे काही आहेच की नाही? आहे, आणि तेही कायद्यातच. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा अधिनियम 15 जुलै 1981 पासून महाराष्ट्रात लागू झाला. त्यात 'कर्मचारी' या शब्दात शिक्षक आणि शिक्षकेतर दोघेही येतात. बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती झाली तर शाळा न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करण्याचा हक्क दोघांना सारखाच आहे.

त्याहून मोलाचा मला नियम 36 वाटतो. गंभीर आरोपाच्या चौकशीसाठी तीन जणांची समिती नेमायची असते. त्यात एक सदस्य संस्थेचा, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून निवडलेला आणि एक खुद्द त्या कर्मचाऱ्याने नेमलेला. हा तिसरा कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारीच असावा लागतो. म्हणजे अडचणीच्या दिवशी आपला माणूस आपणच शोधा, असे नियमच सांगतो. आता ज्या शिपायाची ओळख शाळेच्या फाटकापुरती आहे, त्याने तो कुठून आणायचा? संस्थाचालकांचा रोष पत्करून चार बैठकांना येईल, कागद वाचेल, असहमती असेल तर तसे लिहून देईल असा माणूस एका रात्रीत मिळत नाही. संघटना म्हणजे अशा माणसांची आधीच तयार असलेली यादी. 'त्यात माझं काय' याचे पहिले खरे उत्तर मला इथे सापडते.

दुसरे उत्तर इतिहासात आहे. डिसेंबर 1977 मध्ये सुरू झालेला 54 दिवसांचा संप केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा यासाठी होता. मार्च 2023 मधला, 14 ते 20 तारखेचा संप जुन्या निवृत्तिवेतनासाठी होता. दोन्ही वेळा शिक्षक आणि शिक्षकेतर एकत्र उतरले, कारण मागणी दोघांच्याही खिशातली होती. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या शिक्षकाला जी म्हातारपणाची धास्ती, तीच शिपायालाही.

परंतु समान मागणीवर जमलेली माणसे मागणी सरली की पांगतात. सभासद टिकतात ते वेगळ्या कसोटीवर, आणि ती कसोटी डिसेंबर 2020 मध्ये आली. अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची पदे रिक्त होतील तशी ती पुन्हा न भरता शाळेला ठरावीक 'शिपाई भत्ता' द्यायचा, असा शासननिर्णय झाला. ठिकाणानुसार ही रक्कम महिना 5 ते 10 हजार रुपये. यात कोणत्याही शिक्षकाचा पगार एका रुपयाने कमी होत नव्हता. म्हणूनच हा प्रश्न महत्त्वाचा होता. ज्याने आपले काही जात नाही, त्यासाठी संघटना रस्त्यावर उतरते का, हे शिपाई पाहत असतो. शिक्षकांचे निवेदन अकरा कलमांचे आणि त्यात शिपायाचा उल्लेख अकराव्यात, तर पावतीपुस्तक त्याच्यापुढे धरण्यात अर्थ नाही.

यावरून मन वळवण्याबद्दल मी काही गोष्टी शिकलो. पहिली भेट वर्गणीची नसावी, सेवापुस्तकाची असावी. वैयक्तिक मान्यतेचे पत्र आहे का, वेतनवाढीच्या नोंदी झाल्यात का, भविष्य निर्वाह निधीचा हिशेब जुळतो का, हे शेजारी बसून पाहावे. अर्ध्या तासात एखादी चूक सापडतेच, आणि ती दुरुस्त करून आणणाऱ्याचे बोलणे पुढे ऐकले जाते. बैठक शाळा सुटल्यावर ठेवू नये. तेव्हा शिक्षक मोकळे असतात, पण वर्गखोल्या बंद करायचे काम शिपायाचे असते. कार्यकारिणीत शिक्षकेतरांना जागा द्यावी, ती सतरंज्या उचलण्यासाठी नव्हे. आणि न मिळणारे काही कबूल करू नये. 'तुमची बदली थांबवू' म्हणून घेतलेली वर्गणी पुढच्या वर्षी येत नाही, आणि त्या माणसाचे चार सोबतीही येत नाहीत.

त्या शिपायांना मी नियम 36 समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "माझी दोन वर्षं राहिली. मी गेल्यावर ही जागा भरणार नाहीत. मग घंटा कोण देणार?"

संघटनेचे नाव घेऊन एकही शिक्षक त्यांना हे आधी विचारायला आला नव्हता. तो आला असता, तर माझ्याकडच्या एखाद्या स्थळप्रतीवर त्यांचे नाव सापडले असते, असे मला अजूनही वाटते.