घूं, स्स, टर्र, चीं : माइकमधल्या आगंतुकांची ओळखपरेड

“अहो, तुमच्याकडून फार आवाज येतोय, जरा म्यूट करा!” मीटिंगमध्ये हे ऐकलं की बहुतेक जण थेट नवा हेडसेट शोधायला लागतात. घाई नको. माइकमध्ये घुसलेला प्रत्येक आवाज आपला पत्ता स्वतःच सांगत असतो. तो ओळखता आला, तर पुष्कळदा दुरुस्तीला एक रुपयाही लागत नाही.

एक अडचण मात्र आहे. आपल्या माइकचा गोंगाट आपल्याला नाही, समोरच्याला ऐकू येतो. म्हणून आधी कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू करा, दहा सेकंद गप्प बसा, दहा सेकंद बोला आणि ते हेडफोन लावून ऐका. मग या यादीत आपला पाहुणा शोधा.

घूंऽऽऽ : भिंतीतली वीज

भारतातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. म्हणून वायरीतून माइकमध्ये झिरपलेली घूं ५० हर्ट्झची असते आणि तिच्यासोबत १००, १५० असे तिच्या पटीतले सूरही असतात. अमेरिकेत हाच आकडा ६०. आता गंमत पाहा. ६० आणि ५० यांचं गुणोत्तर ६:५, आणि षड्जाशी कोमल गंधाराचं नातंही हेच! पुण्यातल्या घूंला सा मानलं, तर न्यू जर्सीतल्या मराठी घरातली घूं कोमल गंधारावर लागते. जपानमध्ये तर एकाच देशात दोन्ही सूर आहेत. टोकियोने १८९५ मध्ये जर्मन जनित्रं घेतली, ओसाकाने १८९६ मध्ये अमेरिकन. आजही पूर्व जपान ५० हर्ट्झवर आणि पश्चिम जपान ६० हर्ट्झवर चालतो.

*करून पाहा :* चार्जर काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घूं गेली, तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर घूं कमीजास्त होत असेल, तरी संशय अर्थिंगवरच. मॉनिटर, स्पीकर आणि कॉम्प्युटर वेगवेगळ्या सॉकेटवर असतील, तर सगळे एकाच बोर्डावर घ्या. घूं घालवण्यासाठी अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. ती तुमचा जीव वाचवण्यासाठी आहे.

टर्रर्र : पंख्याचा रेग्युलेटर

बटण फिरवलं की वेग सलग कमीजास्त करणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मधूनच कापतात. एका आवर्तनात दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. या कापाकापीतून पंखाही गुणगुणतो आणि आसपासच्या वायरींनाही ती टर्र लागते.

*करून पाहा :* पंखा पूर्ण वेगावर करा. तेव्हा लाट जवळजवळ कापलीच जात नाही. टर्र थांबली, तर चोर भिंतीवरच्या बटणात सापडला. ठरावीक टप्प्यांचा, कपॅसिटरवर चालणारा रेग्युलेटर लाट कापत नाही. तो बसवून घ्या. टर्रऐवजी ‘भुर्रर्र’ असा वारा घुमत असेल, तर माइकवर स्पंजची टोपी चढवा किंवा पंख्याच्या झोतातून खुर्ची सरकवा.

स्सस्सस्स : उष्णतेचा आवाज

ही सगळ्यांत मूलभूत खरखर. वस्तूत उष्णता आहे म्हणजे तिच्यातले इलेक्ट्रॉन अखंड हलत असतात आणि त्यांच्या हालचालीचा बारीक विद्युत गोंगाट होतोच. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन यांनी तो मोजला, त्यांचे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. हा आवाज पूर्ण घालवता येत नाही, पण बोलण्याखाली दाबता येतो.

हेडसेटमधला इवलासा माइकही त्याच बेल लॅब्जची देणगी. जेम्स वेस्ट आणि गेर्हार्ड सेसलर यांनी १९६२ मध्ये कायमचा विद्युतभार धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्याचा ‘इलेक्ट्रेट’ माइक तयार केला आणि पुढे तोच जगभरातल्या फोनांमध्ये, टेपरेकॉर्डरांमध्ये, हेडसेटांमध्ये जाऊन बसला.

*करून पाहा :* विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये माइकच्या ‘लेव्हल्स’मध्ये ‘मायक्रोफोन बूस्ट’ दिसतो का पाहा. तो +३० डेसिबलवर असेल, तर तुमच्या आवाजाबरोबर ती स्सही सुमारे ३२ पट मोठी होते. बूस्ट शून्यावर किंवा +१० वर आणा आणि माइक तोंडाजवळ घ्या. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो आणि स्स आहे तिथेच राहते. याहून स्वस्त उपाय नाही!

टक्-टक्-टर्रर्र : शेजारी ठेवलेला मोबाइल

फोन वाजायच्या क्षणभर आधी स्पीकरमधून येणारी ती ओळखीची टरटर आठवते? २जी नेटवर्कवर फोन सलग प्रक्षेपण करत नाही. एका फ्रिक्वेन्सीचा वेळ आठ फोन वाटून घेतात आणि प्रत्येकाची पाळी सेकंदाला सुमारे २१७ वेळा येते. तेवढ्या वेळा रेडिओलहरींचा झटका बसतो, आणि माइकच्या वायरीला तो २१७ हर्ट्झचा आवाज वाटतो.

*करून पाहा :* मोबाइल हातभर लांब ठेवा. बस्स, एवढंच.

चींऽऽ : यूएसबीची शिट्टी

कॉम्प्युटर यूएसबीवरच्या उपकरणांशी ठरलेल्या ठेक्यात बोलतो. जुन्या वेगाच्या जोडणीत सेकंदाला १००० वेळा, तर यूएसबी २ च्या जलद जोडणीत ८००० वेळा. हा ठेका विजेच्या पुरवठ्यात मिसळला की १००० किंवा ८००० हर्ट्झची बारीक शिट्टी ऐकू येते. माउस हलवताना किंवा व्हिडिओ सुरू होताना चीं बदलत असेल, तर कॉम्प्युटरच्या आतल्या सर्किटांचा गोंगाट माइकपर्यंत पोहोचतोय हे नक्की.

*करून पाहा :* हेडसेट दुसऱ्या पोर्टमध्ये लावा, एक्स्टर्नल हार्ड डिस्क काढून पाहा. डेस्कटॉप असेल, तर कॅबिनेटच्या पुढच्या भोकाऐवजी मागच्या भोकात प्लग घाला. पुढच्या भोकाची वायर कॅबिनेटच्या पोटातून, सगळ्या गोंगाटाच्या शेजारून जाते. तरीही चीं राहिली, तर छोटं यूएसबी साउंड कार्ड कामी येतं.

खर्र-खच्च : प्लगच्या काळ्या रिंगा मोजा

हेडसेटच्या प्लगचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. हाताने वायरी जोडणाऱ्या ऑपरेटरांसाठी तो बनला. आकार घटला, घडण तीच राहिली. तुमच्या प्लगवर दोन काळ्या रिंगा असतील, तर त्यात फक्त ऐकण्याची सोय आहे. तीन असतील, तर माइकही आहे. डेस्कटॉपला दोन भोकं असतील, तर गुलाबी माइकचं आणि हिरवं हेडफोनचं. तीन रिंगांच्या प्लगला तिथे दोन फाटे करणारा जोड लागतो.

आणखी एक गुंता : तीन रिंगांच्या प्लगमध्ये माइक आणि ग्राउंड यांच्या जागा ठरवणाऱ्या दोन पद्धती आहेत, सीटीआयए आणि ओएमटीपी. दोन्हींत या दोन जागा नेमक्या उलट. जुना हेडसेट नव्या लॅपटॉपवर विचित्र घुमत असेल, तर हे कारण असू शकतं. त्यासाठी छोटं कन्व्हर्टर मिळतं.

*करून पाहा :* बोलत असताना प्लग हळूच फिरवा, मग वायर प्लगच्या मुळाशी हलकी वाकवा. तेवढ्यात खर्र झालं, तर आतली तार तुटत आलीय किंवा भोकात कापसाचा धागा अडकलाय.

फप्प! : महाप्राणाचा झोत

हात ओठांसमोर धरा आणि आधी ‘प’, मग ‘भ’, ‘फ’ म्हणा. ‘भ’, ‘फ’ म्हणताना हवेचा झोत हाताला कळतो. माइक समोर असेल, तर तोच झोत पडद्यावर आदळून फप्प होतो. मराठीत अशी महाप्राण व्यंजनं भरपूर, त्यामुळे चाचणीही आपल्याच भाषेत करा : “भाऊंच्या फाटकापाशी भला थोरला भोपळा फुटला.” एवढं वाक्य विनाफप्प रेकॉर्ड झालं, तर माइकची जागा पक्की.

*करून पाहा :* माइक तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्यापाशी दोन बोटं अंतरावर हवा. नाकाखाली तर मुळीच नको, नाहीतर प्रत्येक श्वास समोरच्याच्या कानात जाईल.

खोक्यावरचं ‘नॉइज कॅन्सलिंग’ कुणासाठी?

इथे पुष्कळांची गल्लत होते. हेडफोनचं नॉइज कॅन्सलिंग तुमच्या कानांसाठी असतं. आवाजाला उलटी लाट भिडवून तो खोडायचा, या कल्पनेचं अमेरिकन पेटंट पॉल लुएग यांना १९३६ मध्येच मिळालं होतं. १९७८ मध्ये विमानप्रवासात ‘बोस’ कंपनीचे संस्थापक अमर बोस यांच्या मनात तशा हेडफोनचा विचार आला. पण त्यातून तुमच्या घरातला मिक्सर समोरच्याला ऐकू यायचा थांबत नाही.

त्यासाठी माइक वेगळा लागतो. अशा माइकला बहुधा दोन तोंडं असतात. लांबचा आवाज दोन्हींत जवळजवळ सारखा शिरतो आणि वजा होतो. जवळचं बोलणं एका तोंडात जास्त शिरतं आणि टिकतं. म्हणूनच माइकची दांडी उलटी फिरली किंवा फार लांब गेली, की तो तुमचंच बोलणं खोडायला लागतो! माइकवर ठिपका किंवा खूण असेल, तर ती बाजू ओठांकडे ठेवा.

हॅलो-लो-लो : दोष तुमचा नाहीच!

आपलाच आवाज थोड्या वेळाने परत ऐकू येतोय? मग बहुतेक वेळा दोष समोरच्याकडे असतो. त्याच्या स्पीकरमधून निघालेले तुमचे शब्द त्याच्याच माइकमध्ये शिरून परत येतात. त्याला हेडफोन लावायला सांगा. एकाच खोलीत दोन लॅपटॉप एकाच मीटिंगमध्ये असतील, तर कीऽऽ अशी किंकाळी उठते. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ सॉरेन लार्सन यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. दुसऱ्या लॅपटॉपचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा.

हेडसेट घातला की आपण ओरडतो का?

आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार्ड यांनी १९११ मध्ये नोंदवलं. शिवाय कान बंद असले की आपला आवाज आपल्याला नीट ऐकू येत नाही. म्हणून टेलिफोनमध्ये बोलणाऱ्याचा आवाज थोडासा त्याच्याच कानात सोडतात; यालाच साइडटोन म्हणतात. तुमच्या हेडसेटमध्ये ‘साइडटोन’ असेल, तर तो चालू करा. घरच्यांनाही शांतता मिळेल.

तानपुरा खाणारं सॉफ्टवेअर

सॉफ्टवेअरने गोंगाट काढायची जुनी युक्ती सरळ आहे : आधी नुसता गोंगाट ऐका, मग बोलण्यातून तेवढाच वजा करा. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम आजही असंच ‘नॉइज प्रोफाइल’ मागतो. २०१७ मध्ये जाँ-मार्क वालँ यांनी आरएननॉइज हा न्यूरल नेटवर्कवर चालणारा मोफत गाळक आणला. मोझिलाने त्यासाठी लोकांना आपापल्या घरातला, ऑफिसातला मिनिटभराचा गोंगाट दान करायचं आवाहन केलं होतं!

पण गाणं शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी जपावं. सलग, न बदलणारा सूर म्हणजे गोंगाट, असं हे गाळक समजतात, आणि तानपुरा तर नेमका तसाच. ऑनलाइन शिकवणीत तानपुरा गायब होत असेल, तर झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. बोलणं पाण्याखालून आल्यासारखं वाटत असेल, तर दोन गाळक एकावर एक चालत असतील, एकच ठेवा.

ज्या खरखरीला नोबेल मिळालं

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमधल्या कार्ल जान्स्की यांना काम मिळालं : समुद्रापारच्या रेडिओ-टेलिफोनमधल्या खरखरीचं मूळ शोधा. विजांचा कडकडाट वगळल्यावर एक बारीक स्स उरली. ती दर २३ तास ५६ मिनिटांनी जोर धरायची. सूर्याचा दिवस २४ तासांचा, पण ताऱ्यांचा दिवस चार मिनिटांनी लहान. म्हणजे आवाज आकाशगंगेतून येत होता!

१९६४ मध्ये तिथलेच आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन न्यू जर्सीतल्या होल्मडेलच्या अँटेनातली न जाणारी खरखर शोधत होते. त्यांनी अँटेना न्यूयॉर्क शहराकडे वळवून पाहिला, सांधे तपासले, आत घरटं केलेली कबुतरं हलवली, त्यांची विष्ठा साफ केली. खरखर हटेना. तो विश्वाच्या जन्मानंतर उरलेल्या प्रारणाचा आवाज निघाला आणि दोघांना १९७८ चं नोबेल मिळालं. आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदजवळ, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशांची जीएमआरटी दुर्बीण उभी आहे. तिची जागा ठरवतानाही मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणं महत्त्वाचं होतं.

खरखरीचा माग काढणाऱ्या या शास्त्रज्ञांची रीत घरच्या माइकलाही लागू पडते : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा रेकॉर्ड करा. आधी चार्जर, मग पोर्ट, मग मोबाइल, मग बूस्ट, मग सॉफ्टवेअर. शेवटी हेडसेट दुसऱ्या कॉम्प्युटरला किंवा फोनला लावा. आवाज तिथे थांबला, तर कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. आवाज हेडसेटबरोबर तिथेही गेला, तर हेडसेट बदलायचा.