ओटीपी कुणाच्या मोबाईलवर?

गेल्या रविवारी बुद्धवंदना आटोपल्यावर आम्ही विहारातच मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज तपासत बसलो. हे अर्ज २०१७ मध्ये सुरू झालेल्या महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात. अकरावीतल्या एका मुलीचा अर्ज महाविद्यालयाने त्रुटी काढून परत पाठवला होता. तिला पत्ताच नाही! अर्ज भरणाऱ्या दुकानदाराने स्वतःचाच नंबर टाकलेला. ओटीपी त्याला, निरोप त्याला, पासवर्डही त्याच्याच वहीत.

"तो म्हणाला, झालं काम. मला काय कळतंय त्यातलं?" धुणीभांडी करणारी तिची आई म्हणाली. (शिकलेले आम्ही तरी कुठे विचारतो?)

बंधुभगिनींनो, नंबर घरातलाच द्या. बँक खाते आधारशी जोडा, पैसे तिथेच येतात. येत्या रविवारी कागदपत्रे आणा, आणि तो मोबाईलसुद्धा.