उद्यानातील निरीक्षण : अळंबी, वाळलेली फांदी आणि तांबट

प्रास्ताविक

निसर्गविषयक लेखनाचा पाया म्हणजे दिनांकासह केलेली निरीक्षण-नोंद. तिचे महत्त्व आपण नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या नेहरू वनोद्यानासारख्या ठिकाणच्या फेरफटक्याच्या आधारे समजून घेऊ. आपल्या गावातील एखाद्या जुन्या बागेतही हा अभ्यास करता येईल.

1. अळंबीचे स्वरूप

पावसाळ्यात गवतात किंवा वाळलेल्या लाकडावर उगवणाऱ्या छत्रीला आपण अळंबी, भूछत्र किंवा कुत्र्याची छत्री म्हणतो. ही छत्री म्हणजे संपूर्ण सजीव नव्हे. ती कवकाचा बीजाणू पसरविणारा भाग होय. कवकाचे मुख्य शरीर म्हणजे माती वा लाकडात पसरलेले सूक्ष्म तंतूंचे जाळे. कवकांत हरितद्रव्य नसते. त्यामुळे ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाहीत. अनेक कवके मृत लाकूड व पालापाचोळा कुजवून अन्न मिळवितात आणि त्यातील द्रव्ये मातीला परत मिळतात. वारुळाजवळ उगवणाऱ्या काही अळंब्यांची तर वाळवीच आपल्या घरट्यात जोपासना करते.

2. दोन ऋतू, एक फांदी

कवकामुळे लाकूड मऊ होते. अशाच मऊ, वाळलेल्या फांदीत तांबट पक्षी चोचीने घरट्याचे बीळ कोरतो. हिरव्या रंगाचा, लाल कपाळाचा हा लहान पक्षी ‘टुक टुक’ असा आवाज काढतो. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा हा आवाज असल्याने त्याला हे नाव मिळाले. भांडी घडविणाऱ्या नाशिककरांना या नावातील उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तांबटाने सोडलेली बिळे पुढे इतर पक्ष्यांच्याही उपयोगी पडतात.

मात्र अळंबी बहुधा पावसाळ्यात दिसते, तर तांबटाची वीण मुख्यतः उन्हाळ्याच्या सुमारास होते. एकाच फेरीत हा संबंध लक्षात येत नाही. दिनांकासह ठेवलेल्या दोन नोंदी शेजारी ठेवल्यावरच तो उलगडतो. ‘स्वच्छते’साठी बागेतील प्रत्येक वाळकी फांदी तोडली, तर कवकाचे अन्न आणि पक्ष्याचे घर दोन्ही नाहीसे होतात. पायवाटेवर पडण्याचा धोका असलेली फांदी काढावीच लागते. परंतु आडबाजूची फांदी राखता येते.

3. नोंद कशी करावी?

दिनांक, वेळ, स्थळ व हवामान लिहून पुढे ‘पाहिले’ आणि ‘अनुमान’ असे दोन रकाने करावेत. उदाहरणार्थ :

पाहिले : वाळलेल्या फांदीवर अर्धवर्तुळाकार, कडक, तपकिरी अळंबी, खालच्या बाजूस गोल बीळ.

अनुमान : कवकामुळे लाकूड मऊ झाले असावे, बीळ तांबटाचे असावे.

नाव ठाऊक नसल्यास वर्णन लिहावे. अंदाजाने नाव देऊ नये. ‘कुत्र्याची छत्री’ या एका नावाखाली अनेक जाती येतात. खाद्य जातींसारख्याच दिसणाऱ्या काही जाती विषारी असतात आणि काहींचे विष शिजविल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून बागेतील अळंबी कधीही खाऊ नये.

स्वाध्याय

1. अळंबी व कवक यांतील संबंध स्पष्ट करा.
2. आपल्या परिसरातील एका वाळलेल्या फांदीची पावसाळ्यात व उन्हाळ्यात नोंद करून दोन्ही नोंदींची तुलना करा.