नव्या वाटा (लेखांक १४) : शेताच्या तारखा, शाळेच्या तारखा

दिल्लीत मुलांना उघड्यावर काही शिकवायचं म्हटलं की आधी महिने मोजावे लागतात. मेच्या मध्यापासून जूनअखेर शाळांना सुट्टी, आणि बाहेर पारा पंचेचाळिसाला टेकलेला. जुलै-ऑगस्टात चिखल आणि अंगाला चिकटणारा उकाडा. पाऊस ओसरू लागला की डेंग्यूची धास्ती. दिवाळीच्या आगेमागे धूर. डिसेंबर-जानेवारीत धुकं आणि थंडी. हवेचा निर्देशांक ४०० च्या वर गेला की निर्बंध लागतात, लहान मुलांचे वर्ग ऑनलाइन भरू लागतात, मग सहलीचं नाव कोण काढणार? २०२५ च्या नोव्हेंबरात तर शाळांचे मैदानी सामने या दिवसांतून पुढे ढकलण्याचा विचार करा, असं सर्वोच्च न्यायालयानेच हवा गुणवत्ता आयोगाला सांगितलं. फेब्रुवारीत हवा जरा निवळते, गहू गुडघ्याच्या वर येतो, आणि नेमक्या तेव्हाच वार्षिक परीक्षा दाराशी येतात. हाती उरतात ते सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य, फेब्रुवारी-मार्चमधले शाळेच्या हातापाया पडून मिळवलेले दिवस आणि ऊन तापण्याआधीचा एप्रिल.

या फटींमध्ये ज्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय चालतो, त्यांच्याविषयी आजचा लेखांक. मागच्या आठवड्यात आपण रोपवाटिका चालवणाऱ्यांचं काम पाहिलं. आज पाहू शेतावर पर्यावरण शिकवणाऱ्यांचं. गुरुग्राम, झज्जर, फरिदाबाद, नोएडाच्या भोवती शाळांच्या बसगाड्या येतात अशी शेतं आहेत. तिथे मुलांना बांधावर उतरवून घेणारी तरुण मंडळी मुलांच्या तोंडी ‘भैया’ नाहीतर ‘दीदी’ असतात. पगारपत्रकावर त्यांचं पद ‘पर्यावरण शिक्षक’ असं काहीतरी लिहिलेलं असतं.

चार जमिनी, एक बाटली

राष्ट्रीय राजधानी क्षेत्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उड्डाणपूल आणि काचेच्या इमारती येतात. पण सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटरच्या या पट्ट्यात मेरठ, मुझफ्फरनगर, अलवर, भरतपूरही येतात, आणि यातली बहुतेक जमीन अजून शेतीखालीच आहे. दिल्लीच्या जुन्या महसुली भाषेत इथल्या जमिनीचे चार प्रकार सांगतात: यमुनेच्या पुराचा गाळ बसलेली खादर, त्याहून उंचावरची बांगर, नजफगढकडची सखल डाबर आणि अरवलीच्या कडेची खडकाळ कोही. शाळेला सगळ्यात जवळची म्हणून खादर सोयीची वाटते. पण यमुनेच्या पाण्यात शहराची घाण आणि जड धातू मिसळतात म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०१५ मध्ये दिल्लीतल्या पूररेषेतल्या जमिनीवर खाण्याची पिकं घ्यायलाच मनाई केली. त्यामुळे मुलांनी मुळा उपटून तिथेच धुऊन खायचा असेल, तर बस आणखी लांब न्यावी लागते. पश्चिमेकडे, झज्जरच्या अंगाला गेलं तर विहिरीचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं. शेत निवडतानाच धडा सुरू होतो तो असा.

आल्या आल्या करायचा एक प्रयोग इथले शिक्षक हमखास करतात, कारण त्याला खर्च नाही. पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, झाकण घट्ट लावून खळखळून हलवायचं आणि बाटली सावलीत ठेवून द्यायची. मिनिटभरात वाळू तळाला बसते. पोयटा बसायला दोनेक तास, म्हणजे मुलांचं शेत फिरून आणि जेवण आटपून होतं तेवढा वेळ. वरचं पाणी मात्र अजून गढूळच असतं, कारण चिकणमातीचे कण बसायला रात्र जाते. शिक्षक तिथे उत्तर सांगत नाहीत. बाटली वर्गात न्यायला सांगतात. दुसऱ्या दिवशी पाणी निवळलेलं दिसतं, थरांची उंची पट्टीने मोजता येते, आणि वाळू जास्त की चिकणमाती जास्त यावरून त्या शेताला पाणी किती वेळा द्यावं लागत असेल, याची चर्चा वर्गशिक्षिकेला करता येते.

शेंड्यावरचा मावा

शेतावर नेणं आणि शेत शिकवणं यांत अंतर आहे. बैलगाडीची फेरी, ट्रॅक्टरवर बसून फोटो, चुलीवरची भाकरी, कुंभाराचं चाक: राजधानीच्या आसपास याचा धंदा जोरात आहे आणि त्यात वाईट काही नाही. मुलं मजेत परततात. पण शेतकऱ्याला कशाची घाई असते, तो कशाला धास्तावतो, हे त्यातून कळत नाही. ते शेतात उकिडवं बसल्यावर कळतं.

फेब्रुवारीतली मोहरी घ्या. लांबून पिवळाधमक पट्टा. जवळ जाऊन शेंडा बोटांत धरला की देठाला हिरवट-राखाडी दाणे चिकटलेले दिसतात, आणि भिंग लावलं की दाण्यांना पाय फुटतात. हा मावा. पुरेसा वेळ पाहिलं तर एखादी मादी अंडं न घालता थेट पिल्लू बाहेर सोडताना दिसते, तेही पाय हलवत येतं. नराची गरज नसते, म्हणून संख्या भराभर वाढते. रस शोषून उरलेला गोड चिकटा खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. मुलं आधी ‘ईऽऽ’ करून हात झटकतात. मग कुणाला तरी मगरीच्या पिल्लासारखा दिसणारा, काळ्या अंगावर नारिंगी ठिपक्यांचा एक किडा त्याच शेंड्यावर सापडतो आणि तो मारायला दोन-चार जण पुढे सरसावतात. तिथे शिक्षकाने हात आडवा घालायचा. ती ढालकिड्याची अळी असते; चित्रांतल्या लाल, सात ठिपक्यांच्या गोंडस ढालकिड्याचं हे बालपण, आणि मावा हेच तिचं अन्न.

आता खरा प्रश्न. शेजारच्या पट्ट्यातली मोहरीही याच गावची, बियाणंही तेच. तिथे मावा एवढा कमी का? मुलं पाणी, खत, औषध अशी उत्तरं देत राहतात. उत्तर तारखेत असतं. दक्षिण हरियाणात बाजरीमागे मोहरी घ्यायची जुनी रीत आहे. बाजरी सप्टेंबरात निघते, रान वेळेत मोकळं होतं, मोहरी ऑक्टोबरच्या मध्याला पेरली जाते आणि माव्याचा भर येईपर्यंत तिच्या शेंगा भरायला लागलेल्या असतात. भातामागची मोहरी दोन-तीन आठवडे उशिरा पडते. तिचा कोवळा फुलोरा आणि माव्याचा भर एकाच वेळी गाठ घेतात. पुढे औषध मारायचं की ढालकिड्यांवर भरवसा ठेवायचा, हे ठरवताना जाणते लोक मधल्या शेंड्याचा वरचा १० सेंटिमीटर भाग धरून मावा मोजतात. मुलांनाही तेच करायला द्यावं. दहा झाडं मोजून झाल्यावर त्यांना मत विचारलं की वर्गात दोन तट पडतात, आणि दोन्ही बाजूंकडे आकडे असतात.

दोरीवरचा हिशेब

तारखेचा हा धागा शेवटी दिल्लीच्या सगळ्यात मोठ्या भांडणापर्यंत जातो. नोव्हेंबरात श्वास कोंडला की शहर पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्याकडे बोट दाखवतं: पराळी, म्हणजे भाताचा उरलेला पेंढा, जाळतात म्हणून. शेतावर शिकवणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. बहुतेक मुलांनी तो घरी ऐकलेला असतो आणि निकालही लावलेला असतो.

त्यासाठी लांब दोरी पुरते. तिला बारा महिन्यांच्या खुणा म्हणून चिंध्या बांधायच्या. एक मुलगी भात होते, एक मुलगा गहू. दिल्लीच्याच भारतीय कृषी संशोधन संस्थेचा, १९९३ मध्ये आलेला ‘पुसा ४४’ हा वाण पंजाबात वर्षानुवर्षं गाजला. बियाण्यापासून कापणीपर्यंत तो सुमारे १६० दिवस घेतो. म्हणजे मेच्या मध्याला रोप टाकलं तर भाताला ऑक्टोबर सरेपर्यंत दोरीवर उभं राहावं लागतं. गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आटोपली नाही तर मार्चच्या उन्हात दाणा भरत नाही, उत्पादन घटतं. आता मधल्या मोकळ्या जागेत बाकीच्या मुलांनी कामं बसवायची: कापणी, पेंढा हलवणं, ओलवणी, नांगरट, पेरणी. जागा पुरत नाही. मुलं एकमेकांना ढकलू लागतात. त्यात कंबाइन हार्वेस्टर वरून कणसं घेऊन जातो आणि धसकटं रानात उभीच ठेवतो. काडी ओढली तर रान एका दिवसात मोकळं.

‘मग भात आधी लावा ना!’ हे कुणीतरी सुचवतंच. आधी लावत असत. पण कडक उन्हात लावलेला भात जमिनीखालचं पाणी बेसुमार उपसायला लावतो, म्हणून २००९ मध्ये पंजाब आणि हरियाणा दोन्ही राज्यांनी कायदे करून लावणी जूनमध्ये ढकलली. हरियाणात १५ जूनच्या आधी लावणी करता येत नाही. पाणी वाचवायला तारीख पुढे गेली आणि धूर थेट त्या दिवसांत आला जेव्हा थंड हवा खाली साचून राहते. मग भातच का? कारण हमीभावाने सरकारी खरेदी होते ती मुख्यतः भाताची आणि गव्हाची. इथवर आलं की शिक्षकाने आणखी एक गोष्ट सांगायची असते: वाहनं, धूळ, कारखाने, कचरा यांचा धूर वर्षभर असतोच, आणि शाळेची बसही डिझेलवर आलेली असू शकते. दोषी कोण ते दोरीने ठरत नाही. पण कमी दिवसांचे वाण, पेंढ्यातच गहू पेरणारी यंत्रं, पीकबदल, हे उपाय वर्तमानपत्रात वाचले तर मुलांना ते दोरीवर कुठे बसतात एवढं नक्की कळतं.

शाळेने तारीख बदलली तेव्हा

हातांनी काम करत शिकण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा अभ्यासक्रम आखायला नेमलेल्या समितीचं अध्यक्षपद दिल्लीच्या जामिया मिलियाचे झाकिर हुसेन यांच्याकडे आलं. आजच्या विषयाला मात्र त्याहून जवळचं उदाहरण डहाणूजवळच्या कोसबाडचं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यापुढे अडचण होती ती गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांची. शाळेच्या वेळेला मुलं रानात. मुलं शाळेत येत नाहीत अशी तक्रार करण्याऐवजी त्या शाळाच कुरणावर घेऊन गेल्या. त्यांच्या ‘कुरणशाळे’त घंटा गुरांच्या सोयीने वाजायची.

सरकारी पातळीवरही पाठबळ कमी नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायची तरतूद आहे. अडतं ते अंमलबजावणीपाशी. विषय सक्तीचा झाला आणि पुस्तकात गेला. दप्तराविना दिवस मिळाले की ते शाळेला सोयीच्या आठवड्यात लागतात, पिकाच्या नाही.

या कामाला काय लागतं

या वाटेला येणारे वनस्पतिशास्त्र, कृषी, समाजकार्य, शिक्षणशास्त्र अशा कुठल्याही विषयातून येतात. दिल्लीत हात बसवायला जागा आहेत. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी दिल्लीच्या असोला भाटी अभयारण्यात निसर्गशिक्षण केंद्र चालवते. वजिराबादजवळचं यमुना जैवविविधता उद्यान आणि गुरुग्रामच्या जुन्या खाणींवर उभं राहिलेलं अरवली जैवविविधता उद्यान इथेही शाळांचे गट येतात. पण जंगलातला मार्गदर्शक आणि शेतावरचा शिक्षक यांच्या कामात फरक आहे. शेतावर विंधनविहिरीचा उघडा खड्डा असतो, विजेची तार असते, दुभती म्हैस असते, बांधावर साप असू शकतो. चाळीस मुलं उतरली आणि चाळीसच बसमध्ये चढली, ही पहिली जबाबदारी, फुलपाखरू नंतर. शेतावर राबणाऱ्या माणसाला ‘हे आमचे माळीकाका’ एवढ्यावर न उरकता त्याला बोलतं करणं हेही कसबच, कारण पेरणीची तारीख त्याला तोंडपाठ असते.

उत्पन्नाचं गणित हंगामी आहे. बरेच जण सहलीगणिक किंवा दिवसावर काम करतात. धूर आणि उन्हाच्या महिन्यांत गच्चीवरच्या बागा, शिक्षकांची प्रशिक्षणं, पाठ्यसाहित्य लिहिणं यांवर भागवतात. पालकांना एका दिवसात ‘सगळं’ हवं असतं. दहा मिनिटांत किराणा घरपोच येणाऱ्या शहरात ही अपेक्षा स्वाभाविक म्हणायची.

म्हणून या क्षेत्रातल्या जाणत्यांची शाळांकडे मागणी साधी आहे. एका शेतावर चार वेगळे वर्ग पाठवू नका, एकच वर्ग चारदा पाठवा. ऑक्टोबरात मोहरीच्या पेरणीला, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत मावा मोजायला, मार्चमध्ये मोहरीच्या काढणीला आणि एप्रिलमध्ये गव्हाच्या. यातली चौथी फेरी नव्या इयत्तेत पडते, कारण शाळेचं वर्ष १ एप्रिलला उलटतं आणि गव्हाचं बैसाखीला. तेवढी एक तारीख दोन वर्गशिक्षिकांनी आपसांत जुळवून घेतली, तर ज्या मुलाने ऑक्टोबरात मोहरीचं बी टाकलं त्यालाच एप्रिलमध्ये गव्हाचा दाणाही चावून बघता येईल.

(पुढील लेखांक : शहरातल्या भाजीबाजाराच्या ओल्या कचऱ्यापासून खत करणारे उद्योजक)