यंत्राची किंमत आणि यंत्राचे मोल

वर्सोव्यात यारी रोडवरील उंच इमारती आणि कोळीवाड्यातील घरे यांच्यात अंतर थोडे आहे. उपचारांचा खर्च पेलण्याच्या शक्तीत मात्र ते फार मोठे आहे. अशा उपनगरात एखादे व्यापारी कुटुंब वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ धर्मादाय रुग्णालयास यंत्र देऊ इच्छिते, तेव्हा पहिली चौकशी किमतीची होते. ती आवश्यक असली तरी पुरेशी नाही.

मुळात किमतीवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवावयाच्या औषधयुक्त स्टेंटसाठी पूर्वी अनेकदा लाखाहून अधिक रुपये मोजावे लागत. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने त्यावर करांव्यतिरिक्त २९,६०० रुपयांची कमाल मर्यादा घातली. पुरवठ्याच्या प्रत्येक टप्प्यावर अवाजवी नफा चढत असल्याचे कारण प्राधिकरणाने नमूद केले होते.

मोलाचा हिशेब याहून निराळा असतो. डायलिसिसच्या रुग्णास सामान्यतः आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास उपचार घ्यावे लागतात. एक यंत्र आठवड्याचे सहा दिवस, रोज तीन पाळ्यांत चालले, तर सहा रुग्णांची सोय होते. एकाच पाळीत चालले, तर केवळ दोघांची. देणगी तेवढीच, लाभ मात्र एकतृतीयांश! शिवाय प्रत्येक वेळी सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते. जलशुद्धीकरण संयंत्र, प्रशिक्षित तंत्रज्ञ, डायलायझर आणि देखभालीचा वार्षिक करार यांची तरतूद नसेल, तर दात्याच्या नावाच्या पाटीसह यंत्र कोपऱ्यात पडून राहते.

शासनही आता याच दृष्टीने विचार करते. केंद्रीय आरोग्य संशोधन विभागाच्या आरोग्य तंत्रज्ञान मूल्यांकन उपक्रमात एखाद्या साधनामुळे रुग्णाचे आयुष्य व त्याची गुणवत्ता किती वाढते आणि त्यासाठी किती खर्च येतो, याची तुलना केली जाते. गरीब रुग्णापर्यंत ते पोहोचते का, हेही पाहिले जाते.

विश्वस्तांनी धनादेशावर सही करण्यापूर्वी रुग्णालयाकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात: आठवड्यास किती रुग्णांना लाभ होईल, यंत्राच्या आयुष्यभराचा चालू खर्च किती, तो कोण उचलणार आणि बिघाड झाल्यास दुरुस्ती किती तासांत होणार. समाधानकारक उत्तरे न मिळाल्यास तीच रक्कम आधीपासून चालू असलेल्या यंत्रावरील गरजू रुग्णांच्या उपचारांसाठी द्यावी. पेढीचा माल घेताना जी चोखंदळ दृष्टी असते, तीच दान देतानाही असावी.