ऑपरेशननंतर डाळ, अंडी बंद करताय? टाके सुकायला तेच लागतं

घरात कुणाचं ऑपरेशन झालं की भेटायला येणारा प्रत्येक जण एक पथ्य सांगून जातो. डाळ देऊ नका, पू होईल. अंडं उष्ण पडतं. मग पेशंटच्या ताटात उरते ती पातळ पेज आणि मऊ भात. माझ्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्हीही हेच केलं. दहाव्या दिवशी टाके काढायला गेलो, तर जखम एका बाजूनं उघडीच. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "आजोबांना खायला काय देताय?"

जखम नुसत्या मलमानं भरत नाही. आतून शरीर कोलाजेन नावाचे धागे तयार करून कातडी सांधतं. हे धागे प्रथिनांपासून बनतात. जंतूंशी लढणाऱ्या पेशींनाही प्रथिनंच लागतात. खाण्यातून ती मिळाली नाहीत तर शरीर अंगातलं मांस मोडून वापरतं, म्हणून पेशंट वाळत जातो. आणि पू होतो तो जंतूंमुळे, डाळीमुळे नाही.

एरवी ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं पुरतात. मोठ्या ऑपरेशननंतर ही गरज ७० ते ९० ग्रॅमपर्यंत जाते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६ ते ७ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यात ७ ग्रॅम प्रथिनं असतात. मूग, मटकी, दही, पनीर, सोयाबीन वडी, मासे, चिकन हेही चालतं. डाळीचं नुसतं वरचं पाणी देऊ नका, डाळ खाली राहते आणि प्रथिनंही तिच्यातच राहतात. सोबत लिंबू, पेरू, आवळा द्या. कोलाजेन तयार व्हायला क जीवनसत्त्व लागतं.

मात्र किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं किती द्यायची ते डॉक्टरांनाच विचारा. पोटाच्या, आतड्याच्या ऑपरेशननंतर खाणं कधी सुरू करायचं हेही तेच सांगतील. शुगर वाढलेली असेल किंवा तंबाखू, बिडी सुरू असेल तर कितीही खाऊ घाला, जखम लवकर भरत नाही.

वडिलांचं ड्रेसिंग आणि औषधं सुरूच होती. त्यात रोज दोन अंडी, घट्ट वरण आणि दूध सुरू केलं. तीन आठवड्यांत जखम भरली. आता कुणाला दवाखान्यात भेटायला जाताना मी बिस्किटाचा पुडा नेत नाही. घरच्या कोंबडीची अंडी नेतो.